डावखुरा घोडेस्वार

फोटोकाकांनी आयुष्यात मोठी म्हणावी अशी एकच थाप मारली, आणि तीही ठरवून नाही. होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "हे फोटोचं काम शिकलात कुठं?" आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "राजधानीत. दोन वर्षं होतो तिथं." खरं म्हणजे ती दोन वर्षं त्यांनी शेजारच्याच गावात, एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत, दुसऱ्याने काढलेले फोटो पाण्यात खळबळून वाळत घालण्यात घालवली होती. पण शेजारच्या गावाचं नाव ऐकून कुठला सासरा खूश होतो? राजधानीचं नाव ऐकून मात्र झाला. लग्न झालं, आणि ती थापही नव्या नवरीबरोबर घरात राहायला आली.

काकांनी तिला चांगली पोसली. गावात राजधानीचा विषय निघाला की लोक म्हणायचे, काकांना विचारा. मग काका डोळे किलकिले करायचे, जुनं काही आठवत असल्यासारखा आव आणायचे आणि दोन वाक्यं अशी टाकायचे की विचारणाऱ्याला पुढे विचारायची लाज वाटावी. "तिथल्या पुलावर संध्याकाळी उभं राहावं. बस्स." एवढंच. थाप मारणाऱ्याने कमी बोलावं, ही अक्कल त्यांना उपजतच होती.

भर पडली ती पडद्याने. लग्नानंतर काकांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, तेव्हा मागे लावायला राजधानीचं दृश्य रंगवून घ्यायचं ठरलं. एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी राजधानीच्या मोठ्या चौकाची, कारंज्यापाशी उभं राहून काढलेली स्लाइड विकत घेतली आणि प्रोजेक्टरने ती भिंतीएवढ्या कापडावर पाडली. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने खडूने रेघा मारून घेतल्या आणि पुढचे आठ दिवस रंग भरले. सगळं बेतशीर झालं. फक्त स्लाइड आत घालताना तिची निस्तेज बाजू कुठं आणि चकचकीत बाजू कुठं, हे बघायचं असतं. अंधाऱ्या खोलीतलं शेंबडं पोरही ते बघतं. पण नेमक्या त्या क्षणी नवी नवरी चहा घेऊन आली, काकांचं लक्ष चहाकडे गेलं, म्हणजे चहा आणणारीकडे गेलं, आणि स्लाइड उलटी बसली, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

तेव्हापासून त्यांच्या स्टुडिओतली राजधानी उलटी आहे. डाव्या हाताला घड्याळाचा मनोरा, मध्ये पूल, उजव्या हाताला संसदेचा घुमट, आणि पुढे चौकात घोड्यावर बसलेला सेनापती, डाव्या हातात तलवार उगारून. कुणाला कळलं नाही, काकांनाही नाही. कळणार कसं? गावातून राजधानीला कोण जात होतं? गावातल्या प्रत्येक जोडप्याचा, प्रत्येक बाळाचा, नोकरीला लागलेल्या प्रत्येक तरुणाचा फोटो त्याच पडद्यापुढे निघाला. एकदा एका चौकस गिऱ्हाइकाने विचारलंच, "काका, याच्या डाव्या हातात तलवार कशी?"

"डावखुरा होता तो," काका पापणी न लवता म्हणाले. "म्हणून तर जिंकला. समोरच्याला कळायचंच नाही, वार कुठून येतोय."

गिऱ्हाईक इतकं खूश झालं की त्याने तीन जादा प्रती घेतल्या. पुढे ही कथा गावभर झाली. शाळेतल्या एका बाईंनी तर ती वर्गात सांगितली म्हणतात.

काकू स्टुडिओत काउंटरवर बसायच्या, गिऱ्हाइकांचे भांग सरळ करायच्या, रडणाऱ्या बाळांपुढे खुळखुळा हलवायच्या आणि दर आठवड्याला मऊ ब्रशने पडद्यावरची धूळ झाडायच्या. अधूनमधून त्या म्हणायच्या, "अहो, एकदा जाऊ या ना राजधानीला." आणि काका कपाळाचा घाम पुसायचे. "काही विशेष नाही गं तिथं," ते म्हणायचे. "मी पाहिलंय ना सगळं. गर्दी नुसती." काकू पुन्हा ब्रश हातात घ्यायच्या, आणि आज निभावलं म्हणून काकांचा जीव भांड्यात पडायचा. असं वर्षानुवर्षं निभावलं.

पण साडू नावाचा माणूस कशासाठी असतो? काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि निवृत्त होताच त्यांनी चार तिकिटं काढून आणली. "साडूभाऊ, आता तुम्ही आमचे वाटाडे," ते म्हणाले. "इतकी वर्षं राजधानी राजधानी ऐकतोय, आता दाखवाच." हे म्हणताना ते मिशीत हसत होते की काय, असा काकांना संशय आला. साडू नेहमीच मिशीत हसायचे, त्यामुळे सांगता येत नव्हतं.

काकांनी गुडघे दुखतात म्हणून पाहिलं. साडूंनी मलम आणून दिलं. स्टुडिओ बंद ठेवता येत नाही म्हणून पाहिलं. काकूंनी त्याच दुपारी दारावर पाटी लावली. शेवटी काकांनी अभ्यास सुरू केला. गिऱ्हाईक गेलं की ते पडद्यापुढे उभे राहून पुटपुटायचे, मनोरा डावीकडे, घुमट उजवीकडे, पुलावरून खाली. काकूंनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "निरोप घेताय की काय त्याचा?"

साडूंचं काय, साडू हसले असते आणि वर्षभर हसत राहिले असते, ते सोसता आलं असतं. भीती होती ती काकूंची. राजधानीत शिकलेला माणूस म्हणून ही बाई आपल्याशी लग्नाला उभी राहिली, आणि इतकी वर्षं आपण सांगू ते खरं मानत आली. तिला जर कळलं की आपण राजधानीचं स्टेशनसुद्धा पाहिलेलं नाही, तर ती पुढं कशावर विश्वास ठेवील? या विचाराने गाडीत काकांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी राजधानीत उतरले तर बाहेर दाट धुकं. समोरचा दिवाही दिसेना. काकांना वाटलं, देव आहे. ज्याला काही दाखवायचं नसतं त्याला धुक्यासारखा मित्र नाही. एवढ्यात साडूंनी स्टेशनवर घेतलेला नकाशा फडफड करत उघडला.

"आधी तो मिटा," काका खालच्या आवाजात म्हणाले. "नकाशा हातात धरलेला माणूस दुरूनच परका दिसतो. इथले खिसेकापू पहिला त्यालाच हेरतात."

साडूंनी नकाशा मिटून कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला. मोठ्या चौकापर्यंत ट्रामने आले. उतरल्यावर काकांनी कारंज्याकडे पाठ केली, स्लाइड काढणाऱ्यासारखी, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "आधी मनोरा. या माझ्यामागून." आणि ते डावीकडे निघाले.

ते चालले, पुष्कळ चालले. मनोरा काही येईना. रस्ता अरुंद होत गेला, दुकानांच्या पाट्या लहान होत गेल्या. ताई, म्हणजे काकूंची बहीण, दोनदा म्हणाल्या, "भावोजी, अजून किती?" आणि काका दोनदा म्हणाले, "आलंच." अखेर गल्ली संपली आणि धुक्यातून जे पुढे आलं ते नळ होते. दोन्ही बाजूंना नळांची घाऊक दुकानं. पितळी नळ, पोलादी नळ, हंसाच्या मानेचे नळ, झाडाला फळं लागावीत तसे दोरीला टांगलेले नळ. मध्येच पाइप आणि संडासाची भांडी.

काका जागच्या जागी थिजले. संपलं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी हळूच साडूंकडे पाहिलं, तर साडूंचे डोळे भरून आले होते.

"साडूभाऊ," साडू घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही हे मुद्दाम माझ्यासाठी?"

काकांना उत्तर द्यायला एक श्वास लागला, जास्त नाही. "म्हटलं, मनोरा काय, सगळेच बघतात," ते म्हणाले. "तुम्ही सारी नोकरी पाण्यात काढलीत. तुम्हाला हे आधी दाखवावं."

साडू मग गल्लीभर फिरले. प्रत्येक नळ उघडून बंद करून पाहिला, दुकानदारांशी वायसरवरून वाद घातला आणि शेवटी हंसाच्या मानेचा एक नळ विकत घेऊन मुलासारखा छातीशी धरला. ताई वैतागून एका उलट्या टबावर बसल्या. "राजधानीत येऊन नळ बघतोय आपण," त्या म्हणाल्या. काकू काकांकडे बघत होत्या, आणि काका वर, धुक्याकडे.

परत चौकात आले तेव्हा ऊन पडलं होतं. धुकं उठलं होतं आणि राजधानी लख्ख उभी होती. डाव्या हाताला घुमट. मध्ये पूल. उजव्या हाताला मनोरा.

काकांना आधी वाटलं, आपणच फिरलोय. ते गर्रकन वळले. मागे कारंजं होतं. पुन्हा वळले. घुमट डावीकडेच. मनोरा उजवीकडेच. आणि तेवढ्यात साडू, नळ काखेत मारून, पुतळ्याखाली उभे राहून ओरडले, "अहो साडूभाऊ! हा तर उजव्या हातात तलवार धरून बसलाय!"

चौकातली चार माणसंही वळून बघू लागली. काका पुतळ्याकडे बघत राहिले. सेनापतीने खरोखरच, भर चौकात, उजव्या हातात तलवार उगारली होती. इतक्या वर्षांत काकांना शब्द सुचला नाही असं कधी झालं नव्हतं. आता तोंड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. साडूंची मिशी हलायला लागली होती, आणि या वेळी ते हसतच होते, यात संशय नव्हता.

"अहो, तो डावखुरा वेगळा," काकू म्हणाल्या.

तिघंही त्यांच्याकडे बघायला लागले.

"डावखुरा तो नदीपलीकडे," काकू शांतपणे म्हणाल्या. पर्समधून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. "आमच्या पडद्यावर तो आहे. हा त्याचा भाऊ. धाकटा."

"भाऊ?" साडू म्हणाले.

"हो. दोघंही सेनापतीच होते. तुम्हाला यांनी सांगितलं नाही का?"

साडूंनी पुतळ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मेहुणी आयुष्यात खोटं बोललेली त्यांना ठाऊक नव्हती. "तरीच," ते म्हणाले. "तोंडावळा जरा पोरसवदाच आहे याचा."

डावखुरा सेनापती ही काकांचीच थाप होती. भाऊ नव्हता. हे त्यांना ठाऊक असणं ठीक होतं. पण ते काकूंनाही ठाऊक होतं, आणि त्यांच्या आवाजात कंप म्हणून नव्हता. काकांनी इतकी सफाईदार थाप स्वतः कधी मारली नव्हती.

ताईंचे पाय दुखत होते आणि साडूंना नळ घेऊन कुठंतरी बसायचं होतं, म्हणून ती दोघं संग्रहालयाकडे वळली. तिथं लिफ्ट होती. "आम्ही मनोऱ्यावर जाऊन येतो," काकू म्हणाल्या, आणि काकांची वाट न बघता उजवीकडे चालू लागल्या. काका मागून, शाळेत पकडून नेल्यासारखे.

मनोऱ्याचा जिना दगडी आणि गोल होता. काकू पुढे चढत होत्या, काका धापा टाकत मागे. बराच वेळ नुसते चपलांचे आवाज. मग एका वळणावर, भिंतीत बसायला कट्टा होता तिथं, काकू बसल्या.

"कधी कळलं तुला?" काकांनी विचारलं.

"धुकं उठल्या उठल्या. तो पडदा मी दर आठवड्याला झाडते. त्याची खिडकी न् खिडकी माझ्या हाताला पाठ आहे. इथं सगळं तेच, पण उलटं." त्या थांबल्या. "स्लाइड उलटी पडली असेल, असं होतं कधी. पण इथं दोन वर्षं राहिलेला माणूस, पडदा टांगला त्या दिवशीच ओरडला असता."

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शेजारच्या गावात होतो. फोटो धूत होतो. अंगाला इतका वास यायचा, की मालक जेवायला बाहेर बसवायचा."

"हं," काकू म्हणाल्या.

वरून उतरणारं एक कुटुंब आलं. दोघांनी पाय आवरून घेतले आणि सगळे जाईपर्यंत उगाच हसरे चेहरे करून बसले.

"रागावलीस?"

"रागावलेय तर! पण पुढचं ऐका." काकू आपल्या हातांकडे बघत होत्या. "तिचे केस आखूड होते."

"कुणाचे?"

"त्या बाईचे. राजधानीतल्या. तुम्ही जिथं शिकलात त्या स्टुडिओत ती काउंटरवर बसायची. उंच, गोरी. हसली की एका गालाला खळी पडायची."

काकांना वाटलं, चढण्याचा त्रास झाला हिला. "अगं, कोण बाई?"

"तेच सांगतेय. कुणी नव्हतीच!" काकूंचा आवाज चढला. "मी राजधानीचं नाव काढलं की तुमचा चेहरा पडायचा. काही विशेष नाही तिथं, असं म्हणायचात आणि कपाळाचा घाम पुसायचात. विशेष नसलेल्या गावासाठी कुणी घाम पुसतं का? मग मी म्हटलं, असणार कुणीतरी. हा मागं टाकून आलाय, आणि मला घेऊन तिच्या गावात फिरायची याची छाती होत नाही."

"पण तू कधी विचारलं नाहीस!"

"विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

जिन्यातल्या फटीतून वारा येत होता.

"नवा स्वेटर घातला तरी वाटायचं, तिला जास्त शोभला असता," काकू म्हणाल्या. "काउंटरवर बसले की वाटायचं, ती याहून चांगलं बोलली असती गिऱ्हाइकांशी. किती भांडले मी तिच्याशी मनातल्या मनात! भाजी खारट झाली की तिच्यावर चिडायचे. आणि तुम्ही तिकडं फोटो धूत होतात."

काकांना फार वाईट वाटलं. गावात जरा ताठ चालता यावं म्हणून सांगितलेली एक गोष्ट, आणि तिच्या मागून एक परकी बाई घरात येऊन इतकी वर्षं आपल्या बायकोच्या शेजारी बसली, आणि आपल्याला पत्ता नाही. आपलं बिंग फुटू नये एवढीच काळजी आपण करत राहिलो. त्यांना हे सगळं सांगायचं होतं, पण ते बोलले एवढंच, "खळी कुठल्या गालाला होती?"

काकूंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि पुसता पुसता पुन्हा हसायला लागल्या. खालून चढणारा एक तरुण "काही त्रास होतोय का?" म्हणून थांबला. काकूंनी हातानेच त्याला पुढे जायला सांगितलं.

"चला," त्या उठल्या. "आणि साडूंना एक अक्षर बोलायचं नाही. ताईच्या घरी तो भाऊ आता मरेपर्यंत धाकटाच राहू दे."

काकू भराभर वर गेल्या. काकांचे गुडघे मात्र मलमाला दाद देत नव्हते. प्रत्येक वळणावर ते भिंतीला हात लावून थांबत, आणि वरून चपलांचा आवाज लांब लांब जाई, मग येईनासा झाला. पोचली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. बघत असेल. बघू दे, हक्कच आहे तिचा.

शेवटच्या पायऱ्यांवर उजेड आला. वर गच्चीचं दार सताड उघडं होतं आणि दारातच, उंबऱ्याच्या आत, काकू उभ्या होत्या. बाहेरच्या उजेडाकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून. लोक "जरा बाजूला व्हा" म्हणत त्यांच्या अंगावरून बाहेर जात होते, आणि त्या दाराच्या चौकटीला चिकटून डोळे खाली लावून उभ्या होत्या.

"इथं काय उभी आहेस? बाहेर का नाही गेलीस?"

"किती वेळ लावलात!" काकू म्हणाल्या. "मान अवघडली माझी, तिकडं न बघून."

मग ती दोघं बाहेर गेली. वारा जोराचा होता. खाली नदी, नदीवर पूल, पुलाच्या अलीकडे पलीकडे छपरंच छपरं, आणि पार लांब टेकडीवर एक लांबट पांढरी इमारत उन्हात चमकत होती.

"ती पांढरी इमारत कसली हो?" काकूंनी विचारलं.

काकांच्या जिभेवर सवयीने तीन उत्तरं येऊन उभी राहिली. त्यातलं एक तर फारच झकास होतं. त्यांनी तिन्ही गिळली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्या कोटाची बाही धरली. "मलाही नाही," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला टेकून दोघं तिकडं बघत राहिली.